गल्लींतील राज्यशास्त्र

गेल्या उन्हाळ्यांत एके दिवशीं संध्याकाळीं औरंगपुऱ्यांतून भाजीची पिशवी घेऊन आम्ही घरीं परतत होतों. जवळची वाट म्हणून एका गल्लींत शिरलों, तोंच एक टेनिसचा चेंडू सणसणत आला आणि आमच्या पिशवींतील टोमॅटोंवर आदळला. आम्ही पडलों व्यवसायानें प्राध्यापक. राग आला असतां व्याख्यान देणें हा आमचा स्वभावधर्मच होय. "हल्लींच्या पिढीला" हे दोन शब्द ओठांवर आलेहि होते; इतक्यांत हातांत बॅट असलेला दहाबारा वर्षांचा एक मुलगा पुढें आला आणि न्यायाधीशाच्या गांभीर्यानें म्हणाला, "काका, तुम्ही पिचवर उभे आहांत."

म्हणजे अपराधी आम्हीच! टोमॅटोंचा विषय तेथेंच संपला आणि आमचें अज्ञान हा चर्चेचा मुख्य विषय झाला. पुढच्या पांच मिनिटांत त्या मुलानें आम्हांला गल्लीचा सर्व कायदा समजावून दिला. चेंडूचा एक टप्पा पडून तो झेलला तरी फलंदाज बाद. समोरच्या भिंतीस थेट लागला तर दोन धावा. कोणाच्या घरांत गेला तर फलंदाज बाद, शिवाय ज्यानें मारला त्यानेंच तो आणावयाचा. या शेवटच्या कलमाचें कारण विचारतां उत्तर मिळालें, "त्या घरच्या आजी बॉल देत नाहींत." आम्ही तीस वर्षें इंग्लंडच्या घटनेचा इतिहास शिकवीत आलों, परंतु अलिखित कायदा कसा जन्मास येतो याचें याहून सुबोध उदाहरण आम्हांस कोणत्याहि ग्रंथांत आढळलेलें नाहीं. भिंत, गटार, जिना आणि एक तापट आजी यांच्या संगमांतून तो उत्पन्न झालेला होता, आणि त्याचें पालन ज्या कसोशीनें होत होतें तें पाहून आम्हांस आमच्या महाविद्यालयाच्या नियमांची लाज वाटली.

तरुण पिढी रस्त्यावर वायां जात आहे, ही वडील माणसांची तक्रार फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील एक अखंड सूक्त द्यूतकाराच्या विलापास वाहिलेलें आहे. त्या काळींहि घरचीं माणसें त्याला शहाणपण शिकवीतच होतीं. इंग्लंडांत १३१४ सालीं लंडनच्या नगराधिपानें शहरांत फुटबॉल खेळण्यास मनाई केली. कारण काय, तर त्यामुळें फार गलबला होतो. पुढें १३६३ सालीं तिसऱ्या एडवर्ड राजानें फर्मान काढलें, कीं लोकांनीं फुटबॉलसारखे निरुपयोगी खेळ टाकून सुटीच्या दिवशीं तिरंदाजीचा अभ्यास करावा. फुटबॉलनें पुढें सारें जग जिंकलें, आणि त्याला निरुपयोगी ठरविणाऱ्या राजाचें नांव आतां आमच्यासारख्यांच्या टिपणवह्यांत तेवढें उरलें आहे. गलबल्याची तक्रार मात्र टिकून आहे. तिला मरण नाहीं.

आमच्याकडील थोर पुरुष या बाबतींत अधिक समजूतदार दिसतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचिला. त्यांत राज्यकारभाराच्या जोडीनें विनोदांचा व क्रीडांचा इतका विस्तार आहे, कीं खेळ हा राजानें अभ्यासण्याचा विषय आहे याबद्दल ग्रंथकारास यत्किंचितहि संकोच वाटलेला नाहीं. तुकोबांच्या गाथेंत तर विटूदांडू, हुतुतू, हमामा, चेंडूफळी या खेळांवर अभंगच आहेत. वैकुंठीचा मार्ग दाखवितांना ज्या संतास पोरांचा विटीदांडू हाताशीं घ्यावासा वाटला, त्यानें तो खेळ केवळ दुरून पाहिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आमचा असा समज आहे, कीं मुलांच्या खेळाचा तिटकारा थोर माणसांस नसतो. तो आमच्यासारख्या मध्यम माणसांस असतो.

आमची समजूत पालटण्याचा एक ठराविक मार्ग आहे. ज्याप्रमाणें मुलाची मुंज लागल्यावर त्याला पंक्तींत स्थान मिळतें, त्याप्रमाणें खेळाला नियमांचें पुस्तक मिळालें, कीं तो उनाडपणा न राहतां 'क्रीडा' होतो. खो-खोची मुंज पुण्यास लागली. डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं त्याचे नियम बांधण्याचें काम हातीं घेतलें. हुतुतू कबड्डी झाला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीस पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळालें व भारतानें सुवर्णपदक घेतलें. आणि २०२५ च्या जानेवारींत दिल्ली येथें खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा होऊन भारताच्या पुरुषांनीं व स्त्रियांनीं दोन्ही चषक जिंकले. शाळेच्या मागच्या अंगणांत खो-खो खेळून गुडघे फोडून आल्याबद्दल ज्यांनीं लहानपणीं मार खाल्ला, त्यांनीं त्या दिवशीं दूरचित्रवाणीपुढें बसून नातवंडांना "हा आमचा खेळ" असें अभिमानानें सांगितलें. मार देणारे हयात असते तर त्यांनींहि तेंच सांगितलें असतें.

आतां आमच्या शहराकडे वळूं. खडकी नांवाच्या गांवीं मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास हें नगर वसविलें. पुढें त्याच्या पुत्राच्या नांवावरून तें फतेहनगर झालें. १६५३ सालीं औरंगझेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आल्यावर तें औरंगाबाद झालें. आणि २०२३ सालीं तें छत्रपती संभाजीनगर झालें. नांवें पालटलीं, सत्ता पालटल्या, दरवाजे कांहीं उरले व कांहीं पडले. या सर्व घडामोडींचें दप्तर मोठ्या माणसांनीं ग्रंथालयांत ठेविलें आहे. परंतु मुलांनींहि आपलें एक दप्तर ठेविलें असून तें त्यांच्या जिभेवर आहे, हें इतिहासकारांच्या फारसें ध्यानांत येत नाहीं.

विटीदांडूचेंच पाहा. वकट, लेंड, मूंड, नाल अशी गणती करीत महाराष्ट्रांतील मुलांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. हे शब्द मराठी नव्हेत; तेलुगूंतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे एक ते चार अंक पोरांच्या तोंडीं झिजून असे गुळगुळीत झाले आहेत. कोणी कोणास ते शिकविले, बाजारांत कीं छावणींत, याची सनद कोठेंहि नाहीं; परंतु मराठी व तेलुगू बोलणारे लोक केवळ लढाईच्या व वसुलीच्या निमित्तानें भेटत नव्हते, त्यांचीं मुलें एकत्र खेळलीं होतीं, एवढें त्यावरून निश्चित होतें. पतंगाकडे या, कीं भाषा पालटते. मांजा, ढील, फिरकी हे शब्द उत्तरेच्या वाऱ्याबरोबर आलेले. लपंडावांत डबा ठेवला कीं त्याचा 'डब्बा ऐसपैस' होतो, आणि त्या ऐटबाज 'ऐसपैस'च्या पोटांत इंग्रजांचा 'आय स्पाय' दडून बसलेला असतो. खेळ मध्येंच थांबवावयाचा तर मूठ ओठांशीं नेऊन 'टाइमप्लीज' म्हणावें लागतें. निजामाचें राज्य १९४८ च्या सप्टेंबरांत संपलें, इंग्रजांचें त्याच्या आदल्या वर्षीं. पण गल्लींत तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी या तिन्हींचा अंमल अद्याप चालू असून कोणीहि कोणास हद्दपार केलेलें नाहीं.

या दप्तरांतील सर्वांत मोलाचे शब्द मात्र शुद्ध देशी आहेत. पहिला शब्द 'राज्य'. लपंडावांत, शिवाशिवींत ज्याला इतरांना पकडावें लागतें, त्याच्यावर 'राज्य' येतें. मोठ्यांच्या जगांत राज्य मिळावें म्हणून भावाभावांनीं एकमेकांचे गळे कापले. खुद्द औरंगझेबानें काय केलें हें सर्वांस ठाऊक आहे. मुलांच्या जगांत राज्य ही शिक्षा आहे! तें आपल्यावर येऊं नये म्हणून सारे धडपडतात, आणि ज्याच्यावर आलें तो तें दुसऱ्यास देऊन मोकळा होण्यासाठीं उर फुटेपर्यंत धांवतो. प्लेटोनें आपल्या आदर्श नगरासाठीं नेमका असाच राज्यकर्ता मागितला होता. तो आमच्या गल्लींत दररोज संध्याकाळीं सहा वाजतां सांपडतो.

दुसरा शब्द 'कच्चें लिंबू'. ज्या पोराचे पाय अजून बळकट नाहींत, ज्याच्या ताईनें किंवा दादानें त्याला नाइलाजानें बरोबर आणलें आहे, त्याला खेळांतून हांकलीत नाहींत. तो खेळतो, धांवतो, ओरडतो, बादहि होतो. पण त्याच्यावर राज्य येत नाहीं. दुर्बळास सामावून घ्यावयाचें, पण त्याला त्याचा कमीपणा टोंचूं द्यावयाचा नाहीं, ही युक्ति कोणा पंडिताच्या समितीनें शोधलेली नव्हे.

एवढें म्हटल्यावर वाचक सहज विचारतील, कीं मग हल्लींच्या तरुणांचे सर्वच चाळे आपणांस मान्य आहेत काय? चाळे पुष्कळ आहेत खरे. वाळूज येथें १९८५ सालीं बजाजचा कारखाना सुरू झाला आणि शहरानें दुचाक्या बनवून देशभर धाडल्या. त्याच शहरांतील कांहीं तरुणांनीं रात्रीं जालना रस्त्यावर असा शोध लावला, कीं दुचाकीस दोन चाकें असणें ही चैन असून एका चाकावर भागतें. दुसऱ्या कांहींनीं ढोल कमरेस बांधला. गणेशोत्सवापूर्वीं महिनाभर त्यांचा सराव चालला, कीं आसपासच्या इमारतींतील लोकांचें गणपतीशिवाय दुसऱ्या कोणत्याच देवाकडे लक्ष जात नाहीं. दहीहंडीचे थर रचणारे गोविंदा पूर्वीं आयांच्या काळजीचा विषय असत. २०२२ सालीं राज्य शासनानें दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा घोषित केल्यापासून ते खेळाडू आहेत. कांहीं मुलें चाकें लावलेल्या फळीवर उभीं राहून उतारावरून घसरतात, कांहीं कठड्यावरून कठड्यावर उड्या मारितात, आणि कांहीं डोक्यावर उभीं राहून गरगर फिरतात. आमच्या पिढीस हें सर्व वेडाचें लक्षण वाटतें. परंतु चाकांची फळी २०२१ सालीं तोक्योच्या ऑलिंपिकांत गेली, डोक्यावर फिरण्याचा नाच २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत गेला, आणि उड्या मारण्याची जागतिक स्पर्धा २०२२ सालीं तोक्योस झाली. मध्य प्रदेशांतील पन्ना जिल्ह्यांत जनवार नांवाच्या खेड्यांत २०१५ सालीं अशा फळ्यांसाठीं एक अंगण बांधलें गेलें, आणि तेथील शेतकऱ्यांचीं व आदिवासींचीं मुलें त्यावर वाऱ्यासारखीं फिरूं लागलीं. शिवाय ज्या समाजानें पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांचा मल्लखांब डोक्यावर घेतला, त्यानें खांबाऐवजीं कठड्यास लोंबकळणाऱ्या पोरास वेडा म्हणावें हें न्यायाचें नव्हे.

तेव्हां नवेपणा हा दोष नव्हे. मग दोष कोणता? आमच्या मतें कसोटी एकच: खेळाची किंमत कोण देतो? विटी लागून ज्याचें कपाळ फुटतें तो खेळांत असतो. त्यानें ती जोखीम स्वतः पत्करलेली असते. परंतु संक्रांतीच्या सुमारास नायलॉनच्या मांजानें ज्याचा गळा चिरतो, तो बिचारा दुचाकीवरून कामावरून घरीं चाललेला असतो. त्यानें ना पतंग उडविलेला, ना कापलेला. झाडांत अडकून तडफडणारा पक्षी तर त्याहूनहि निरपराध. राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं असल्या मांजास देशभर बंदी केली. तरीहि तो चोरून विकला जातो, आणि विकणारीं व विकत घेऊन देणारीं माणसें पोरसवदा नसतात. रात्रीं एका चाकावर जाणाऱ्यासहि हीच कसोटी लागूं होते. गल्लीच्या न्यायानें बोलावयाचें तर, जो खेळांत नाहीं त्याला बाद करतां येत नाहीं.

याच कसोटीवर जुन्या काळासहि घांसून पाहिलें पाहिजे. नाहींतर हा लेख म्हणजे म्हाताऱ्याचें स्मरणरंजन होईल. जुनी गल्ली सर्वांची होती, असें आम्ही मोठ्या प्रेमानें सांगतों. तें खरें नाहीं. खो-खोंत पाठीस हात लावून 'खो' द्यावा लागतो. हुतुतूंत गडी धरावा लागतो. शिवाशिवीचें तर नांवच शिवण्यावरून पडलें आहे. ज्या खेळांचा प्राण स्पर्श, ते खेळ ज्या गांवांत खेळले जात, त्याच गांवांत कांहीं मुलांना शिवणें पाप मानलें जात होतें. सर्वांत धाकट्यासाठीं कच्च्या लिंबाची सोय करणाऱ्या त्या उदार कायद्यांत या मुलांसाठीं कलमच नव्हतें. तीं गांवाबाहेर आपला निराळा डाव मांडीत. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें या शहरांत महाविद्यालय काढलें. पुढें नागसेनवनाच्या त्या विस्तीर्ण आवारांत मराठवाड्यांतील खेडोपाडींचीं मुलें एकत्र वाढलीं. तेथें विद्या मिळाली हें सर्वच सांगतात. पण एकमेकांना शिवून खेळण्याची मोकळीक मिळाली, हीहि लहान गोष्ट नव्हे.

मुलींचेंहि तेंच. त्यांना सागरगोटे ओसरीवर, फुगडी मंगळागौरीला आणि लंगडी अंगणांत. गल्ली त्यांची नव्हतीच. आमच्या चेंडूच्या प्रसंगांतहि आठ मुलगे खेळत होते आणि दोन मुली पायरीवर बसून धावा मोजीत होत्या. दिल्लीस जिंकलेल्या स्त्रियांच्या संघाचें कौतुक करणाऱ्या शहरानें त्या पायरीकडेहि एकदां पाहावें, असें वाटतें.

आतां मुख्य प्रश्न जागेचा. १८८० नंतरच्या दशकांत मुंबईस एस्प्लनेडच्या मैदानावर एक विलक्षण झगडा झाला. गोऱ्या लोकांच्या जिमखान्यास स्वतंत्र राखीव मैदान असतांहि, पारशी व हिंदू मुलें जेथें क्रिकेट खेळत त्या मोकळ्या जागेवर गोरे साहेब पोलो खेळावयास येत. घोड्यांच्या टापांनीं जमीन इतकी उखडे, कीं चेंडू कोठें उसळेल याचा नेम राहत नसे. मुलांनीं अर्ज केले, वर्तमानपत्रांत पत्रें लिहिलीं, कित्येक वर्षें हा वाद चालला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थानें १८९७ सालीं या कलहाचा इतिहासच प्रसिद्ध केला. एका बाजूस मूठभर घोडेस्वार, दुसऱ्या बाजूस शेंकडों अनवाणी पोरें, आणि मध्यें एक मैदान, हा त्याचा सारांश होय.

आज घोडे गेले. टापा उरल्या आहेत. आमच्या शहराचें आमखास मैदान भाग्यवान म्हणावें. मोगल दरबारच्या 'आम' आणि 'खास' या शब्दांपैकीं 'आम' तेथें अजून खेळतो. १९७० नंतरच्या दशकांत सिडकोनें नव्या वसाहती आंखल्या तेव्हां नकाशांत मोकळ्या जागा ठेविल्या होत्या; पण मोकळी जागा ही अशी वस्तु आहे, कीं ती डोळ्यांस दिसली म्हणजे प्रत्येकास कांहींतरी सुचतें. कोणास सभामंडप सुचतो, कोणास दुकानांची रांग, कोणास मोटारी उभ्या करण्याची सोय. मुलांना तेवढें कांहीं सुचूं दिलें जात नाहीं. हल्लीं कृत्रिम हिरवळीचीं, जाळ्या लावलेलीं अंगणें तासाच्या भाड्यानें मिळतात. व्यवस्था चोख, दिवे लख्ख, चेंडू कोणाच्या टोमॅटोंवर जाण्याची भीति नाहीं. परंतु जेथें प्रत्येक गड्याचा वाटा रुपयांत मोजला जातो, तेथें कच्च्या लिंबाचे पैसे कोण भरणार? आणि ज्याच्या बापाजवळ तो वाटा नाहीं, त्यानें जाळीबाहेर उभें राहून काय करावें? खेळ सोडून तें पोर हातांतल्या यंत्राकडे वळलें, कीं आम्ही पुन्हां लेख लिहिणार: "हल्लींच्या पिढीला मैदानाची आवड उरली नाहीं."

असो. त्या संध्याकाळचा शेवट सांगून लेखणी ठेवतों. कायदा समजल्यावर आम्हीं मुलांस विचारलें, एक चेंडू आम्हांस खेळूं द्याल काय? त्यांनीं थोडा विचारविनिमय करून बॅट आमच्या हातीं दिली. बऱ्याच वर्षांनीं बॅट धरल्यामुळें असेल, पण चेंडू आमच्या कल्पनेपेक्षां उंच गेला आणि सरळ त्या आजींच्या घरांत शिरला. क्षणभर गल्ली निःशब्द झाली. कायद्यानें आम्ही बाद होतोंच. शिवाय चेंडू आणणेंहि आमच्याच नशिबीं होतें. इतक्यांत पायरीवर धावा मोजणाऱ्या मुलींपैकीं धाकटी उठून उभी राहिली आणि तिनें निर्णय दिला, "काका कच्चें लिंबू आहेत. त्यांना अजून एक बॉल द्या."

मुलांनीं तो निर्णय मुकाट्यानें मान्य केला. आम्ही मात्र आजींच्या दारावर थाप मारावयास गेलों. कारण चेंडू कोणीतरी आणावयास हवाच होता, आणि आमच्या वयाच्या माणसांवर एवढें राज्य तरी यावेंच.